तिसऱ्या पंगतीतला माणूस

सुट्टीला आलेल्या भाच्यानं मला न विचारता माझ्या संगणकाची प्रणाली अपग्रेड केली आणि पुण्य पदरात पाडून बंगळुरूला निघून गेला. नेमका त्याच आठवड्यात मावशीचा फोन: "अरे, ताईच्या लग्नाची सीडी मोबाइलवर घालून दे ना."

व्हिडिओचा फॉरमॅट बदलणारं माझं जुनं सॉफ्टवेअर उघडलं, फाइल दिली, बटण दाबलं. एक टक्का, दोन टक्के आणि सगळं गुल. काय चुकलं, कुणाचं चुकलं, चकार शब्द नाही. पूर्वी निदान निळा पडदा यायचा, त्यावरचं अगम्य काहीतरी वाचून मनसोक्त शिव्या घालता यायच्या. आता पाहुणा अर्धा चहा टाकून न सांगता उठून जावा, तसा कारभार. भाच्याला विचारलं, तर म्हणे, "मामा, काढून परत टाक." या पिढीकडे प्रत्येक दुखण्यावर हीच पुडी. काढलं, परत टाकलं. दोन टक्के, गुल.

कारणं थोडक्यात. कधी प्रणालीच जुन्यांना दार लावते. २०१९च्या ऑक्टोबरात मॅकओएस कॅटालिना आली आणि ३२ बिटांची सगळी सॉफ्टवेअरं मोडीत निघाली. त्यात खुद्द ॲपलचं क्विकटाइम ७सुद्धा होतं. पण ती उघडतच नाहीत. उघडून मध्येच कोसळणाऱ्याचं बिनसतं ते बरेचदा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरशी. जड काम सॉफ्टवेअर कार्डावर ढकलतं, अपग्रेडमध्ये ड्रायव्हर बदललेला असतो आणि दोघांचं पटत नाही. नवा ड्रायव्हर घाला, नाहीतर सेटिंगमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग' बंद करा; काम प्रोसेसरवर येतं. मी बंद केलं आणि गाडी निघाली. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एवढ्याशा कामाला कार्डाची मिजास हवी होती कशाला?

फाइल नीट झाली का बघायला म्हणून बसलो आणि उठलोच नाही. ताई कमळातून उगवते. भावजी बदामात गिरक्या घेतात. मंगलाष्टकांचा आवाज बारीक करून वर सिनेमातलं गाणं चढवलंय. अंतरपाट दोन मिनिटांत उरकलाय. पंगती मात्र संपता संपत नाहीत. हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा रांगेनं पुढे सरकतो आणि ज्याच्या तोंडावर उजेड पडेल, तो घास हातात धरून तसाच थांबतो. त्या काळचे व्हिडिओवाले लग्न सोडून बाकी सगळं टिपायचे, आणि खरं सांगू? तेच बघण्यासारखं असतं.

मावशीला ना कमळाचं कौतुक, ना माझ्या खटपटीचं. तिचा एकच प्रश्न: "तिसऱ्या पंगतीत मठ्ठ्यावर मठ्ठा मागणारा तो कोण रे?" आमच्याकडचा नाही. व्याह्यांना विचारलं, ते म्हणाले, "आम्हाला तर तुमच्याकडचाच वाटला होता." घरच्या ग्रुपवर आता दोन तट पडलेत. मावशीला त्याचा चेहरा मोठा करून हवाय. ३५२ बाय २८८मधला चेहरा मोठा केला की चार चौकोन आणि एक मिशी उरते. तीही पाठवून दिली. व्याह्यांकडून उत्तर आलं: मिशी ओळखीची वाटतेय, पण ते गृहस्थ क्लीन शेव्ह होते.