चेहऱ्यावरचे ऊन

रांजणगावच्या महागणपतीचे मंदिर पूर्वाभिमुख आहे. उत्तरायण आणि दक्षिणायन यांच्या मधल्या काळात सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतील अशी त्याची रचना असल्याचे सांगितले जाते आणि अष्टविनायकाच्या यात्रेला आलेले भाविक ते कौतुकाने ऐकतात. मंदिराबाहेर दिवसभर राबणाऱ्यांना मात्र उन्हाचे कौतुक परवडत नाही. शिरूर तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. कांद्याची काढणी, ऊसतोड, हार-फुलांची विक्री, एमआयडीसीतल्या कारखान्याच्या फाटकावरचा पहारा, ही सगळी कामे उघड्यावरची. अशा कामात पस्तिशीतली बाई पंचेचाळिशीची दिसू लागते. गालांवर वांग उमटतो, कपाळ काळवंडते, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून घरात एक क्रीमची ट्यूब येते.

त्या ट्यूबला हसण्याचे कारण नाही. आपला चेहरा नीट दिसावा असे वाटणे हा काही शहरातल्या श्रीमंतांचा मक्ता नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की त्या ट्यूबमध्ये काय आहे आणि चेहरा ज्या कारणाने बदलला त्या कारणावर ती काही करते का?

त्वचेला वय दोन वाटांनी येते. पहिली वाट काळाची. वयाबरोबर अंतस्त्वचेतले कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे तंतू कमी होतात, त्वचा पातळ व कोरडी होते. ही वाट कुणालाच चुकत नाही. दुसरी वाट उन्हाची. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ‘बी’ प्रकारचे किरण त्वचा भाजतात, तर ‘ए’ प्रकारचे किरण खोलवर, अंतस्त्वचेपर्यंत पोहोचून हे तंतू तोडतात. ढगाळ दिवशीही ते बऱ्याच प्रमाणात जमिनीवर येतात आणि साध्या काचेतूनही पार होतात. यातला फरक पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. शेतात राबणाऱ्या कुणीही आपल्या दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा आणि मनगटाच्या वरची त्वचा शेजारी धरून पाहावी. दोन्हींचे वय एकच, पण एक सतत झाकलेली राहिली आणि दुसरीने ऊन सोसले.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात २०१२ मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. २८ वर्षे ट्रक चालवताना त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे असे. ती जाड, खोल सुरकुत्यांची झाली होती. उजवी त्या मानाने बरीच तरुण दिसत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. पुणे-नगर महामार्गावर वर्षानुवर्षे गाडी हाकणाऱ्यांनी आरशात आपला उजवा गाल एकदा निरखून पाहायला हरकत नाही.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असते. अतिनील किरण शोषून घेणारी ती निसर्गाने दिलेली छत्रीच आहे. म्हणून गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा आपल्याकडे सुरकुत्या उशिरा पडतात. पण हेच रंगद्रव्य उन्हामुळे जागोजागी जास्त तयार होते आणि वांग, डाग, असमान रंग ही वयाची खूण आपल्याकडे आधी दिसते. गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे वांग वाढू शकतो. ऊन त्यात भर घालते.

बाजारातली अनेक क्रीम नेमकी या डागांचे निमित्त करून विकली जातात, आणि खरा धोका इथेच सुरू होतो. काही क्रीममध्ये पारा असतो. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया अडवतो, त्यामुळे रंग झपाट्याने उजळतो आणि क्रीम ‘लागू पडले’ असे वाटते. प्रत्यक्षात त्वचेची छत्री मिटलेली असते आणि पारा रक्तावाटे मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींना गोरेपणाचे क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे प्रकरण २०२३ मध्ये उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीतून त्याचा माग पाऱ्यापर्यंत लागला. पुढच्या वर्षी केरळमधील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये मांडला. त्यातल्या १५ जणांत विकाराचा एक वेगळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना त्या क्रीमबद्दल आवर्जून सांगावे, तेही याचसाठी.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. ही औषधे वाईट नाहीत. योग्य आजारात, मोजके दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गुणकारी आहेत. पण गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळली तर त्वचा कागदासारखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, केस वाढतात. क्रीम थांबवले की आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. म्हातारपणाच्या खुणा घालवायला घेतलेले औषध अशा रीतीने त्वचेला अकाली म्हातारी करते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ‘अमक्या नावाची ट्यूब द्या’ एवढ्या बोलण्यावर ती मिळत असेल, तर विकणारा आणि तपासणी करणारी यंत्रणा या दोघांनीही उत्तर दिले पाहिजे. पार्लरमध्ये बिनालेबलच्या डबीतून मिळणारे क्रीम तर हातात घेऊच नये.

मग उपयोग कशाचा होतो? ऑस्ट्रेलियातील नांबूर या छोट्या गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी आढळल्या. तिथली वस्ती गोऱ्या वर्णाची, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लागू करता येणार नाही. पण ऊन अडवले की त्वचेचे वय रेंगाळते, ही दिशा पक्की आहे. सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा अधिक आणि सोबत ‘पीए+++’ किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ अशी खूण पाहावी. एसपीएफचा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांपुरता असतो, ‘पीए’ची खूण ‘ए’ किरणांसाठी. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन लागते आणि घाम येत असेल तर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते.

इथे हिशेब आडवा येतो. या प्रमाणात दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. रोजंदारीवरच्या बाईला हा खर्च दर महिन्याला करायला सांगणे म्हणजे उपदेश झाला, उपाय नव्हे. तिच्यासाठी कापड हेच सर्वांत भरवशाचे सनस्क्रीन. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, रुंद काठाची टोपी. हे घामाने वाहून जात नाही आणि रोज विकतही घ्यावे लागत नाही. दहा ते चार या वेळेत ऊन सर्वांत प्रखर असते. काढणी-खुरपणी शक्य तेवढी त्याच्या आधी किंवा नंतर करावी. विडी-सिगारेट सोडली तर त्वचेच्या तंतूंचे मोठे नुकसान टळते. कोरड्या त्वचेला साधे पेट्रोलियम जेली पुरते. लिंबू चोळून उन्हात जाणे मात्र टाळावे. त्याने त्वचा भाजते आणि डाग गडद होतात. सुरकुत्यांवर खरोखर पुरावा असलेले औषध म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन. पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, रात्रीच लावायचे आणि गरोदरपणात वापरायचे नाही. पुण्यात ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. न भरणारी जखम किंवा आकार-रंग बदलणारा तीळ असेल तर तिथे जायला उशीर करू नये.

एवढे सगळे सांगूनही जबाबदारी एकट्या बाईच्या स्कार्फवर सोडून चालणार नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि विसाव्याला सावली देणे बंधनकारक केले होते. सरकारी कामाला जो न्याय लावला, तो कांद्याच्या वावराला आणि कारखान्याच्या फाटकाला का लागू नये? पहारेकऱ्याला छप्पर, कंत्राटी कामगारांना टोपी आणि पूर्ण बाह्या, शेतमजुरांना दुपारची सुटी यांसाठी फार पैसा लागत नाही. मजूर बाईच्या चेहऱ्यावर दिसणारे जादा वय बहुतेक तिच्या कामाच्या जागेने दिलेले असते. ते टाळण्याची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.