रणजीचा तो मोसम आणि मराठवाड्याचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून पुढे नगरनाका ओलांडला की पुण्याचा रस्ता लागतो. अंतर सुमारे २३५ किलोमीटरचे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि उपचारासाठी या रस्त्याने मराठवाड्यातील किती कुटुंबे गेली, याची मोजदाद नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनाही दुसरा रस्ता नाही. मुंबई आणि विदर्भ यांच्या क्रिकेट संघटना स्वतंत्र आहेत. उरलेल्या राज्याचा कारभार महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे, म्हणजेच पुण्याकडे आहे. त्यामुळे पैठणच्या, जालन्याच्या किंवा तुळजापूरच्या मुलाला रणजी करंडकात खेळायचे असेल, तर त्याला महाराष्ट्राच्या संघातूनच खेळावे लागते. या व्यवस्थेने मराठवाड्याला काय दिले आणि मराठवाड्याने या संघाला काय दिले, याचा हिशेब मांडायचा झाल्यास २०१३-१४ च्या रणजी मोसमाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला आहे. १९३९-४० आणि १९४०-४१ अशा लागोपाठच्या दोन मोसमांत प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली हे यश मिळाले. त्यावेळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे महाराष्ट्राच्या दोन्ही विजेतेपदांत मराठवाड्याचा वाटा असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर या संघाने अंतिम फेरी क्वचितच पाहिली. १९७०-७१ मध्ये मुंबईने आणि १९९२-९३ मध्ये पंजाबने महाराष्ट्राला अंतिम सामन्यात हरविले. पुढची संधी यायला वीस वर्षे जावी लागली. दरम्यान संघाची घसरण इतकी झाली, की २०१३-१४ चा मोसम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्राला 'क' गटात खेळावे लागत होते.

'क' गटातून अंतिम फेरीपर्यंत

त्या मोसमाची रचना समजून घेतल्याशिवाय महाराष्ट्राच्या कामगिरीचे मोल कळणार नाही. 'अ' आणि 'ब' या वरच्या गटांतून प्रत्येकी तीन, तर 'क' गटातून केवळ दोन संघ बाद फेरीसाठी निवडले जाणार होते. 'क' गटात त्रिपुरा, आसाम, गोवा, केरळ, हिमाचल प्रदेश अशा संघांशी गाठ होती. या संघांविरुद्ध धावा काढल्या तरी त्यांना फारसे मोल दिले जात नाही आणि एखादा सामना गमावला तर मात्र मोसम हातातून जातो. रोहित मोटवानीच्या नेतृत्वाखाली आणि सुरेंद्र भावे यांच्या मार्गदर्शनाखाली महाराष्ट्राने ही पायरी व्यवस्थित ओलांडली. केदार जाधवने या मोसमात १,२२३ धावा केल्या. देशातील कोणत्याही फलंदाजाला त्या वर्षी रणजीत इतक्या धावा करता आल्या नाहीत.

याच मोसमात जालन्याच्या विजय झोलने महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीत पदार्पण केले. त्रिपुराविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने नाबाद २०० धावा काढल्या. त्याचे नाव क्रिकेटवर्तुळात त्याआधीच पोहोचले होते. २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावांची खेळी केली होती. पैठणचा अंकित बावणे तर त्याआधीपासून संघात होता. मधल्या फळीत धीराने उभा राहणारा फलंदाज, अशी त्याची ओळख होऊ लागली होती. त्याचे वय तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे.

उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती मुंबईशी, तीही वानखेडे स्टेडियमवर. मुंबई गतविजेती होती आणि तिच्या नावावर तोवर ४० विजेतेपदे जमा झाली होती. मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या. महाराष्ट्राचा डाव २८० धावांत आटोपला. १२२ धावांची पिछाडी पाहता सामन्याचा निकाल लागल्यातच जमा होता. परंतु महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत गुंडाळला आणि विजयासाठी २५२ धावांचे लक्ष्य समोर आले. चौथ्या डावातील असे लक्ष्य, समोर मुंबई आणि मैदानही मुंबईचे. महाराष्ट्राने ते केवळ दोन गडी गमावून पार केले. केदार जाधव १२० आणि विजय झोल ९१ धावांवर नाबाद राहिले. पुण्याचा अनुभवी फलंदाज आणि जालन्याचा एकोणीस वर्षांचा तरुण यांच्या अभेद्य भागीदारीने गतविजेत्यांना स्पर्धेबाहेर काढले.

उपांत्य सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर बंगालविरुद्ध झाला. समद फल्ला आणि त्याच्या साथीदारांच्या वेगवान माऱ्यापुढे बंगालचा पहिला डाव ११४ धावांत संपला. महाराष्ट्राने ४५५ धावा करून सामना तेथेच आपल्या बाजूला वळविला. बंगालने दुसऱ्या डावात ३४८ धावांपर्यंत झुंज दिली, पण महाराष्ट्राने दहा गडी राखून विजय मिळविला. 'क' गटातून आलेला संघ अंतिम फेरीत पोहोचला होता.

हैदराबादमधील पाच दिवस

अंतिम सामना २९ जानेवारी २०१४ पासून हैदराबादला झाला. मराठवाड्याच्या दृष्टीने हा एक विचित्र योगायोग होता. ज्या शहरातून कधीकाळी मराठवाड्याचा कारभार चालत असे, त्याच शहरात मराठवाड्याची मुले महाराष्ट्राच्या नावाने खेळण्यासाठी गेली होती. महाराष्ट्राने पहिल्या डावात ३०५ धावा केल्या. त्यात अंकित बावणेच्या ८९ धावा सर्वांत मोलाच्या ठरल्या. कर्नाटकाने मात्र ५१५ धावांचा डोंगर उभा केला. लोकेश राहुलने १३१ आणि गणेश सतीशने ११७ धावा काढल्या. २१० धावांच्या पिछाडीनंतरही महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ३६६ धावा करून लढत पाचव्या दिवसापर्यंत नेली, परंतु १५७ धावांचे लक्ष्य कर्नाटकाने तीन गडी गमावून गाठले. विनयकुमारच्या संघाने सात गडी राखून करंडक जिंकला. कर्नाटकाचे हे सातवे विजेतेपद होते.

या पराभवाचे कारण एखाद्या झेलात किंवा एखाद्या चुकीच्या फटक्यात शोधणे सोपे असते. प्रत्यक्षात सामना हातातून निसटला तो पहिल्या डावात. पाच दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावात ३०५ धावा हे संरक्षण करण्याजोगे भांडवल नसते आणि २१० धावांची पिछाडी भरून काढणे दरवेळी शक्य होत नाही. मुंबईविरुद्ध १२२ धावांची पिछाडी गोलंदाजांनी पुसून टाकली होती. कर्नाटकाविरुद्ध तशी संधीच मिळाली नाही. दोन्ही संघांतील फरक गुणवत्तेपेक्षा खोलीचा होता. कर्नाटकाचा एक फलंदाज लवकर बाद झाला, तर शतक करणारा दुसरा तयार होता. महाराष्ट्राची फलंदाजी मात्र तीन-चार खांद्यांवर उभी होती आणि त्यांतील दोन खांदे मराठवाड्याचे होते.

कर्नाटकाने काय केले?

कर्नाटकाने पुढच्या म्हणजे २०१४-१५ च्या मोसमातही रणजी करंडक राखला. महाराष्ट्र त्या मोसमात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, परंतु तामिळनाडूने पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर त्याला रोखले. दोन मोसम लागोपाठ अखेरच्या चार संघांत येणे, हे यश नाकारता येणार नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे.

कर्नाटकाची ताकद केवळ बंगळूरमध्ये नाही. तेथील क्रिकेट संघटनेने राज्याचे विभाग पाडले आहेत आणि म्हैसूर, हुबळी, शिमोगा अशा शहरांत प्रथम श्रेणीचे सामने भरविले आहेत. जानेवारी २०१० मधील रणजीचा अंतिम सामना म्हैसूरला झाला होता आणि मुंबईने तो अवघ्या सहा धावांनी जिंकला होता. जिल्ह्याच्या गावातील मुलाने रणजीचा अंतिम सामना आपल्या डोळ्यांनी पाहिला, तर त्या खेळाकडे जाणारा रस्ता त्याला आपला वाटू लागतो. शिवाय असे सामने व्हायचे तर चांगली खेळपट्टी, तिची देखभाल करणारी माणसे, सरावाची जाळी आणि कपडे बदलण्याची खोली या साऱ्यांची व्यवस्था करावी लागते. सामना संपला तरी या गोष्टी त्या गावात राहतात.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना झाला. सोलापूरला जानेवारी २०२४ मध्ये मणिपूरविरुद्धचा सामना खेळविण्यात आला. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु मराठवाड्याच्या सर्वांत मोठ्या शहराने त्याच तोडीची सोय उभी करून ती टिकवावी, हे काम अद्याप व्हायचे आहे.

शहरात मैदाने नाहीत असे नाही. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, महापालिकेचे गरवारे क्रीडा संकुल आहे, आमखास मैदानाची परंपरा आहे. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्रही आहे. छावणीत मोकळी जागा मोठी आहे, पण ती संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील आहे आणि तेथील कारभार छावणी परिषदेकडे आहे. तिचा नागरी वापर परवानगीवर अवलंबून असतो. म्हणजे मैदाने चार मालकांची आणि क्रिकेटचा कारभार पाचव्याकडे, अशी ही अवस्था आहे. या सर्वांनी एकत्र बसल्याशिवाय बारमाही सरावाची सोय होणे कठीण आहे.

गुणवत्तेची वाण नाही

व्यवस्था अपुरी असली, तरी खेळाडू येत राहिले. औरंगाबादला जन्मलेला वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे खेळला आणि २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला कसोटी टोपी मिळाली. तो त्याचा एकमेव कसोटी सामना ठरला. बीडला जन्मलेला संजय बांगर भारताकडून खेळला, पण त्याची रणजी कारकीर्द रेल्वेच्या संघातून घडली. बीडच्याच सचिन धसने फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची खेळी करून भारताला अंतिम फेरीत नेले.

महाराष्ट्राची त्यानंतरची मोठी झेप २०२२-२३ च्या विजय हजारे करंडकातील. तेथेही हेच चित्र दिसले. उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशाविरुद्ध ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारून नाबाद २२० धावा केल्या आणि सारा प्रकाशझोत त्याच्यावर गेला, ते योग्यच होते. पण त्याच सामन्यात तुळजापूरच्या राजवर्धन हंगर्गेकरने पाच गडी बाद केले. आसामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गायकवाडच्या १६८ धावांना अंकित बावणेच्या ११० धावांची जोड मिळाली आणि हंगर्गेकरने आणखी चार बळी घेतले. अंतिम सामन्यात सौराष्ट्राने पाच गडी राखून विजय मिळविला. नऊ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन्ही अंतिम फेऱ्यांत मराठवाड्याचे खेळाडू निर्णायक जागी होते आणि दोन्ही वेळा करंडक हुकला.

बावणेची कारकीर्द तर या साऱ्या प्रश्नाचे सारच म्हणता येईल. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळेसोबत त्याने ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजीच्या इतिहासात तोवर एवढी मोठी भागीदारी दुसरी झाली नव्हती. त्यात बावणेच्या नाबाद २५८ धावा होत्या. २०२५-२६ च्या रणजी मोसमासाठी महाराष्ट्राचे नेतृत्वही त्याच्याकडे सोपविण्यात आले. भारताच्या मुख्य संघात मात्र त्याला स्थान मिळाले नाही. केदार जाधवला २०१३-१४ च्या मोसमानंतर काही महिन्यांतच भारताकडून एकदिवसीय सामना खेळायला मिळाला. झोलची वाटचाल सुरुवातीच्या वेगाने पुढे गेली नाही. एकाच मोसमातून निघालेल्या या तीन वाटा आहेत आणि प्रत्येक वेळी दोष व्यवस्थेचाच असतो असे मानणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय निवडीला स्पर्धा मोठी आहे, जागा थोड्या आहेत.

नाव शहराचे, मैदान पुण्याचे

२०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि सहा संघांत छत्रपती संभाजी किंग्ज हा संघ अवतरला. हंगर्गेकर त्याचा प्रमुख खेळाडू होता. शहराच्या नावाचा व्यावसायिक संघ प्रथमच मैदानात उतरला, ही अभिमानाची बाब होती. परंतु पहिल्या मोसमाचे सर्व सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथेच झाले. शहराला आपला संघ दूरचित्रवाणीवर पाहावा लागला. व्यावसायिक क्रीडासंघाचा प्राण त्याच्या घरच्या मैदानात असतो, हे अमेरिकेतील बेसबॉलपासून युरोपातील फुटबॉलपर्यंत सर्वत्र दिसते. तेथे संघ हरला तरी शहर त्याच्यासोबत असते, कारण तो संघ त्या शहरात खेळतो.

तेव्हा मागणी मोठी नाही. मराठवाड्यासाठी वेगळी संघटना हवी की नको, हा वाद चालू राहील. त्याची वाट न पाहता वर्षातून एक रणजी सामना, लीगचे काही सामने आणि बारमाही सरावासाठी उत्तम खेळपट्ट्या एवढे तरी या शहराला मिळायला हवे. त्यासाठी संघटनेने पुढाकार घ्यावा, तसाच महापालिकेने आणि क्रीडा खात्यानेही मैदान देण्याची तयारी ठेवावी. हैदराबादला ८९ धावा काढणारा फलंदाज पैठणचा होता आणि वानखेडेवर ९१ धावांवर नाबाद राहिलेला जालन्याचा. दोघांचीही गावे छत्रपती संभाजीनगरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. त्यांच्यानंतरच्या मुलांना पहिला चांगला सराव करण्यासाठी तरी नगरनाका ओलांडावा लागू नये.