२०१४ च्या आधीही दम होता

१ मार्च २०२४ ची रात्र. मांजरी बुद्रुकमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या टपरीवर एका मोबाइलभोवती दहा-बारा जण गोळा झाले होते. पुणेरी पलटणनं हरियाना स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदाच प्रो कबड्डीचं विजेतेपद पुण्यात आलं. आरडाओरडा झाला, टपरीवाल्यानं एक राउंड फुकट दिला आणि मग तो वाद सुरू झाला जो अशा रात्री होतोच: कबड्डीतले ऑल टाइम बेस्ट सात कोण?

प्रदीप नरवाल, अनुपकुमार, मनजीत छिल्लर, फझल अत्राचली, अशी नावं पडत होती. माझा भाऊ मोबाइलवर यादी टाइप करत होता. आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन काका बाजूला स्टुलावर बसून ऐकत होते. साठी ओलांडलेले, डावं बोट वाकडं, चालताना गुडघा जरा आखडतो. ते म्हणाले, "डावा कोपरा आमच्या कंपनीचा घ्या." आणि त्यांनी एक नाव सांगितलं.

भावानं ते नाव सर्च केलं. एक डॉक्टर निघाले, एक इस्टेट एजंट निघाला. कबड्डीपटू नाही.

"काका, गूगलला नाहीयेत ते."

काका म्हणाले, "गूगल कुठं आलं होतं मॅचला?"

सगळे हसले, मीही हसले. पण घरी गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. राग कुणा एकावर नाही, आपल्या सगळ्यांच्या एका सवयीवर आहे. आपण "कबड्डीच्या इतिहासात" असं म्हणतो तेव्हा आपला इतिहास २६ जुलै २०१४ ला सुरू होतो, त्या सवयीवर.

काका १९८० च्या दशकात एका कंपनीच्या संघातून खेळायचे. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, कारण अशा कंपन्या, बँका आणि खाती खूप होती. महाराष्ट्रातल्या कबड्डी स्पर्धांच्या जाहिराती आजही नीट वाचल्या तर त्यात एक गट दिसतो: "व्यावसायिक गट". महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, देना बँक, आरसीएफ, मुंबई बंदर, महाराष्ट्र पोलीस हे संघ ज्यात उतरायचे तो हा गट. गावातली, गल्लीतली मंडळं स्थानिक गटात; आणि ज्यांना खेळासाठी नोकरीवर घेतलंय ते व्यावसायिक गटात. आता "व्यावसायिक" या शब्दाचं इंग्रजी करा आणि त्याची पहिली तीन अक्षरं बघा. "प्रो" हा शब्द लीगनं आणलेला नाही. तो मराठीत लिहून मैदानाबाहेरच्या फलकावर आधीपासून लावलेला होता.

हे प्रो कसे होते? काकांनी सांगितलं ते असं. गावच्या यात्रेतल्या स्पर्धेत कुणीतरी तुम्हाला बघायचं. मग निवड चाचणी. मग शिपाई, खलाशी, कारकून अशी कुठलीतरी नेमणूक. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, स्पर्धेच्या दिवसांत खेळासाठी रजा. पगार खेळाचा नव्हता, पण खेळामुळे होता. एखादी कंपनी दुसऱ्या कंपनीचा चढाईपटू फोडायची तेव्हा जास्त पैशांपेक्षा कायमच्या नोकरीचं आमिष मोठं असायचं. आज त्याला आपण ट्रान्सफर म्हणतो. त्या पगारावर घरं चालली, बहिणींची लग्नं झाली. खेळून घर चालवणाऱ्याला हौशी म्हणणं हा अपमान आहे.

आणि हे लोक काही गल्लीतले वीर नव्हते. कबड्डीचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ चा, सदानंद शेट्ये यांचा. पुण्याच्या शकुंतला खटावकर आणि शांताराम जाधव दोघेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा आशियाई स्पर्धांमध्ये पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं, त्या संघात राजू भावसार, अशोक शिंदे होते. त्यानंतर २०१४ पर्यंत पुरुषांचं सुवर्ण भारतानं एकदाही सोडलं नाही, सलग सात वेळा. त्याही आधी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. माझ्या भावाला यातली किती नावं माहीत होती? शून्य. मला? एक. आणि मी शाळेकडून जिल्ह्यापर्यंत खेळलेली मुलगी आहे.

आता कुणी म्हणेल, काळ पुढे जातो, जुनी माणसं विसरली जातातच. मला हे मान्य नाही. माणसं आपोआप विसरली जात नाहीत. ज्यांची नोंद होत नाही ती विसरली जातात.

क्रिकेटकडे बघा. रणजी स्पर्धा १९३४-३५ ला सुरू झाली. त्या हंगामात कुणी किती धावा केल्या ते आज झोपल्या झोपल्या मोबाइलवर सापडतं. ते खेळाडू कबड्डीवाल्यांपेक्षा थोर होते म्हणून नाही, तर तिथं कुणीतरी स्कोअरबुक घेऊन बसलेलं होतं आणि नंतर कुणीतरी ते जपलं म्हणून. कबड्डीतही गुणलेखक बसायचाच. कुणी चढाई केली, कोण बाद झाला, लोण कधी चढला, सगळं कागदावर यायचं. सामना संपला, निकाल पेपरला कळवला, की त्या कागदाचं काम संपलं. काका हसत म्हणाले, "त्याच कागदात भजी खाल्लीत आम्ही."

मग २०१४ ला लीग आली आणि तिच्याबरोबर आकडे आले. प्रत्येक चढाई मोजली जाऊ लागली, प्रत्येक पकड कुणाच्या नावावर ते ठरू लागलं. हे उत्तमच झालं. पण त्यातून एक भ्रम तयार झाला. प्रदीप नरवालचे चढाईतले १,७०० च्या वर गुण आपण "कबड्डीच्या इतिहासातले सर्वाधिक" म्हणून शेअर करतो. ते लीगच्या इतिहासातले सर्वाधिक आहेत. प्रदीप थोर आहेच, त्याचा एकही गुण कमी होत नाही. पण ज्यांचे गुण कुणी मोजलेच नाहीत, त्यांना आपण शून्य गुण देऊन टाकलेत. मोजलं नाही आणि नव्हतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत केली.

"लीगनं कबड्डी वाचवली," हे वाक्य तर मला पाठ झालंय. त्यातला खरा भाग आधी सांगते. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेशकुमार, १२ लाख ८० हजारांना. चारच वर्षांत, २०१८ मध्ये, मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला. गावातल्या पोरानं शरीर झिजवायचं आणि त्याला कोटी मिळायचे, यात वाईट काय? काहीच नाही. काकांना त्यांच्या बोटाच्या ऑपरेशनचे पैसे स्वतःच्या खिशातून भरावे लागले होते. त्यांनी लीगविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट म्हणाले, "पोरांना मिळतंय ना, मिळू दे."

पण तो पहिला सगळ्यात महाग खेळाडू राकेशकुमार तेव्हा कुठे नोकरीला होता? रेल्वेत. पहिल्या हंगामातले कितीतरी खेळाडू रेल्वे, पोलीस, सेनादल, एअर इंडिया यांच्या पगारावर घडलेले होते. म्हणजे लीग उभी राहिली ती आयत्या तयार खेळाडूंवर, आणि ते तयार केले होते त्याच जुन्या व्यावसायिक गटानं. ज्या पायावर इमारत उभी आहे तो पाया दिसत नाही हे ठीक. पण इमारतीनं "जमिनीपासून सगळं मीच बांधलं" असं म्हणू नये. आणि आपण प्रेक्षकांनी टाळ्या वाजवत ते मान्य करू नये.

आता दुसऱ्या बाजूशी भांडते, कारण ती माझ्या घरात आहे. आमचे मामा आणि त्यांच्या वयाचे सगळे. "मॅटवरची कसली कबड्डी! खरी कबड्डी मातीतली." रोज हे ऐकते. मामा, मातीत गुडघे फुटायचे, जखमा चिघळायच्या, विम्याचं नावही कुणी काढत नव्हतं. बायकांना चढाईला उभं राहायच्या आधी घरातल्या दहा जणांशी भांडावं लागायचं. त्या दिवसांचं गोड चित्र रंगवू नका. आणि खरा आरोप पुढेच आहे. तुम्ही ते सामने बघितले होते. तुम्ही मैदानाच्या कडेला बसला होता. तरी एक वही लिहिली नाहीत. "काय चढाई होती राव" एवढंच म्हणत राहिलात. कुणाची, कुठल्या साली, कुणाविरुद्ध, हे विचारलं की तुम्ही चिडता. तुमच्या आठवणीत फक्त तुमचं तारुण्य शिल्लक आहे, खेळाडू नाही.

बायकांचं तर आणखी अवघड. पुरुषांना निदान १९९० पासून आशियाई पदकाची खुंटी मिळाली, जिच्यावर नाव टांगता येतं. महिला कबड्डी आशियाई स्पर्धांमध्ये आली २०१० ला, ग्वांगझूमध्ये. म्हणजे त्याआधीच्या कित्येक वर्षांतल्या खेळाडूंना, त्या कितीही मोठ्या असोत, त्या व्यासपीठावर लक्षात राहायची संधीच नव्हती. २०१६ मध्ये लीगबरोबर महिलांची एक छोटी स्पर्धा झाली. तीन संघ होते, अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सनं फायर बर्ड्सला २४-२३ असं हरवलं. एका गुणाचा फरक! असा अंतिम सामना झाल्यावर कुठलीही स्पर्धा पुढच्या वर्षी दुप्पट मोठी व्हायला हवी. पुढच्या वर्षी ती झालीच नाही. २०२३ मध्ये हांगझूला आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवलं आणि ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ठरलं. दोन दिवस सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या संघातली चार नावं न बघता सांगा. मी वाट बघते.

म्हणजे विसरायला जुना काळ लागतोच असं नाही. आपण ताज्या माणसांनाही विसरू शकतो. आज पलटणच्या राखीव बाकावर बसलेला पोरगा वीस वर्षांनी कुठल्या गेटवर बसलेला असेल, आणि तेव्हा त्याचे आकडे असतील म्हणून त्याला कुणी ओळखेल, याचीही मला खात्री नाही. आकडे लागतातच. पण ते वाचून ज्याला एखादा माणूस आठवतो असा कुणीतरीही लागतो.

मग करायचं काय? दर १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीनिमित्त कबड्डी दिन होतो. शाल, श्रीफळ, फ्लेक्स, फोटो. त्याला माझी ना नाही. पण नारळाची वडी होते आणि फ्लेक्स पावसाळ्यात गोठ्यावर जातो. त्याऐवजी एक काम करा. तुमच्या हातात जे यंत्र आहे त्यात रेकॉर्डर आहे. तुमच्या गावात, चाळीत, बिल्डिंगच्या गेटवर कुणी खेळलेला माणूस असेल तर त्याच्यासमोर बसा. "तुमच्या काळात कसं होतं" असं विचारू नका, त्यावर भाषण मिळतं. विचारा: सातही जण कोण? कोपऱ्यावर कोण? साखळी कुणाची? हरलेला सामना कुठला? मग ग्रंथालयात जा, त्या तारखेचा पेपर काढा, निकालाच्या त्या चार ओळींचा फोटो घ्या. आमची मांजरी २०२१ मध्ये महापालिकेत गेली. ज्या पटांगणावर यात्रेचे सामने व्हायचे तिथं आता पार्किंग आहे. मैदान गेलं ते परत येणार नाही. नावं अजून आणता येतील.

मी सुरुवात केली आहे. काकांच्या ड्यूटीच्या वेळी, रात्री साडेदहानंतर, वही घेऊन बसते. या लेखात त्यांचं नाव का नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "एकट्याचं नाही टाकायचं. आधी बाकीच्या सहांची शोध, मग माझं लिही. कबड्डी एकट्याची नसते."

दोघे वारलेत. एक साताऱ्याकडे असल्याचं कळलंय. एकाचं फक्त टोपणनाव आठवतंय. डाव्या कोपऱ्याची मुलगी परवा सापडली, हडपसरलाच राहते. तिच्याकडे संघाचा एक फोटो आहे, मागे पेन्सिलनं नावं लिहिलेली. अर्धी पुसली गेली आहेत. रविवारी चाललेय बघायला.