गिनती शेवटच्या सायकलपासून

येत्या डिसेंबरात आपल्या शाळेची सायकल टूर पुन्हा कोकण किनाऱ्याने जाणार आहे. या वेळी ती हाऊसवार स्पर्धा करावी, रोजच्या मुक्कामावर जे हाऊस आधी पोहोचेल त्याला गुण द्यावेत आणि शेवटी ढाल द्यावी, असा प्रस्ताव हाऊस कॅप्टनांच्या बैठकीत आला आहे. बहुतेकांना तो आवडला. मला पटला नाही. गेल्या वर्षी या टूरचा कॅप्टन मी होतो आणि माझ्या चुकीमुळे एक कॅडेट वाटेत मागे राहिला होता. म्हणून या विषयावर गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही.

ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही अलिबागहून निघालो आणि आठव्या दिवशी मालवणला पोहोचलो. आठवी ते अकरावीचे चोवीस कॅडेट, दोन उस्ताद, एक सर आणि सामानाची एक गाडी. रोजचं अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून वाटतं, यात काय मोठंसं? पण कोकणचा किनारा नकाशावर दिसतो तसा सपाट नाही. दर थोड्या अंतरावर एखादी खाडी आत शिरलेली असते. रस्ता खाडीपाशी उतरतो, पलीकडे गेला की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. सड्यावर सावलीला झाड नाही. परत उतार, परत गाव, नारळी-पोफळीच्या बागा, परत चढ. काही खाड्यांवर पूल आहेत, काही ठिकाणी फेरीबोट. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड अशा चार फेऱ्या आम्ही सायकलींसह केल्या.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या शाळेत मराठी बोलणारे कॅडेट मोजकेच आहेत. त्या तुकडीत मी आणि माझा एक वर्गमित्र, असे दोघेच. वाट विचारणं, जेवणाचं ठरवणं, जेट्टीवर बोटीची वेळ विचारणं, हे सगळं मराठीत करावं लागणार, म्हणून कॅप्टनपद माझ्याकडे आलं. सायकल मी चांगली चालवतो असा माझा समज होता, तो खराही होता. पहिले चार दिवस मी सतत सगळ्यात पुढे असायचो. जेट्टीवर आधी पोहोचायचं, सायकल उभी करायची आणि मागच्यांची वाट बघायची. वर्गमित्र पिछाडी सांभाळायचा. सगळं सुरळीत चाललंय असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी गुहागरहून निघालो. पालशेतच्या जवळ एकाच्या सायकलची चेन तुटली. सायकलवर असलेले उस्ताद त्याच्यासाठी थांबले, सोबतीला आणखी एका कॅडेटला ठेवलं आणि मला म्हणाले, "हेदवीत थांब, मी येतो." दुसरे उस्ताद आणि सर सामानाच्या गाडीतून जयगडला पुढे गेले होते. हेदवीत मी दहा मिनिटं थांबलो. मग वाटलं, ही फेरी चुकली तर पुढचा सगळा दिवस लांबेल. उस्ताद काय, येतीलच. आम्ही निघालो. पुढच्या चढावर मी वर्गमित्रालाही पुढे बोलावून घेतलं, कारण दोघांनी आधी जेट्टी गाठून तिकिटं काढली तर बोट थांबवता येईल. पिछाडीला कोणीही उरलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं होतं. पण चालेल असं वाटलं.

तवसाळच्या जेट्टीवर आम्ही धापा टाकत बोटीत चढलो. मी मोजलं नाही. जो दिसत नव्हता तो उस्तादांबरोबर असणार, असं धरून चाललो. आणि उस्ताद तासाभराने दोन कॅडेटना घेऊन तवसाळला आले, तेव्हा त्यांनीही हेच धरलं की बाकी सगळे माझ्याबरोबर आहेत. ते शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरले, सगळ्यांना फॉल इन करायला लावलं आणि हुकूम दिला, "गिनती कर!" आकडा तेविसावर थांबला.

ती शांतता मी विसरणार नाही.

मागे राहिलेला कॅडेट आठवीतला, केरळचा. हेदवीच्या पुढच्या चढावर तो सायकल हातात धरून चालत होता. वर पोहोचला तेव्हा पुढे कोणी दिसेना. फाट्यावर त्याने डावीकडचा रस्ता धरला आणि आत आबलोलीच्या दिशेने निघाला. पाणी संपलं होतं. एका वाडीत अंगणात काम करणाऱ्या आजींना त्याने आमच्याकडून शिकलेले दोन शब्द सांगितले, "आजी, पाणी." आजींनी पाणी दिलं, सरबत दिलं, भात वाढला. त्यांचं बोलणं त्याला कळेना, त्याचं त्यांना कळेना. पण त्याच्या खिशात उस्तादांचा नंबर लिहिलेलं कार्ड होतं. निघायच्या दिवशी उस्तादांनी ते प्रत्येकाच्या खिशात सक्तीने घालायला लावलं होतं आणि आम्ही मोठी मुलं त्यावर हसलो होतो. आजींच्या नातवाने त्या नंबरवर फोन केला. मग आंब्याच्या बागेत फवारणी करून परतणाऱ्या एका टेम्पोत सायकल टाकून त्याला तवसाळला सोडलं. चार वाजता तो बोटीतून जयगडला उतरला.

मला वाटलं होतं तो रडेल, किंवा रागावेल. तो फक्त एवढंच म्हणाला, "सर, मुझे लगा जेट्टीपर आप गिनती करोगे."

त्या रात्री उस्तादांनी मला शिक्षा केली नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या मुलाच्या वडिलांना झालेली गोष्ट माझ्याच तोंडून सांगायला लावली. यापेक्षा पंचवीस फेऱ्या पळायला सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याहून निघताना उस्तादांनी क्रम उलटा केला. सगळ्यात हळू चालवणारे तिघे पुढे, आणि मी सगळ्यात शेवटी, पंक्चरचं सामान आणि जादा पाणी घेऊन. पहिला तास मला फार कमीपणा वाटला. आपण ज्याला दोन मिनिटांत मागे टाकू, त्याच्या मागे तासभर पाय आवरून चालवायचं! पण पिछाडीवरून मला जे दिसलं ते आघाडीवरून चार दिवसांत दिसलं नव्हतं. कोणाची सीट खाली आहे म्हणून गुडघे दुखताहेत, कोण पाणी पीत नाही, कोण उतारावर एकच ब्रेक दाबून धरतो, हे सगळं मागूनच दिसतं.

आणखी एक हिशोब तेव्हा कळला. आधीच्या पद्धतीत मी जेट्टीवर अकराला पोहोचायचो, शेवटचा कॅडेट पावणेबाराला. तो आला की मी म्हणायचो, "चला, सगळे आले, निघू या." म्हणजे जो ताजातवाना, त्याला पाऊण तास विश्रांती, आणि जो थकलेला, त्याला पाच मिनिटं. रोज असंच. मग तो दुपारी आणखी मागे पडायचा आणि आम्ही म्हणायचो, याच्यात दम नाही. त्याचा दम आम्हीच काढत होतो. हळू चालवणारा पुढे आला तेव्हा सगळे एकत्र थांबले, एकत्र निघाले, आणि मुक्कामाला पोहोचायला आधीपेक्षा फारसा उशीर झालाच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा नियम सरसकट चालत नाही. रत्नागिरी सोडल्यावर भाट्याच्या सपाट रस्त्यावर समोरून वारा लागला, तेव्हा पुढच्या लहान मुलांचे हाल झाले. पुढचा सायकलस्वार वारा अंगावर घेतो आणि मागच्याला कमी जोर लावावा लागतो, हे आपण सगळे जाणतो. तिथे उस्तादांनी दोन दणकट कॅडेट पुढे लावले, पण वेग ठरवायचा अधिकार त्यांच्या मागच्या लहान कॅडेटकडेच ठेवला. तो "हळू" म्हणाला की हळू. वारा अंगावर घेणारा मोठा आणि वेग ठरवणारा लहान, ही जोडी मला फार आवडली.

आता स्पर्धेच्या बाजूने जे बोललं जातं त्याकडे येतो. माझे मित्र म्हणतात, स्पर्धा नसेल तर मुलं ढिली पडतात. आपली शाळा सैनिकी आहे, सहल काढणारी नाही. स्पर्धेला माझा विरोध नाही. क्रॉस कंट्री आहे, बॉक्सिंग आहे. ग्राउंडभोवती सायकलींची शर्यत लावा, मी पहिला नाव देईन. पण ज्या वाटेवर आठवीचा मुलगा आणि अकरावीचा मुलगा एकत्र आहेत, वाट अनोळखी आहे आणि मागे राहणाऱ्याला तिथली भाषा येत नाही, तिथे घड्याळाशी शर्यत लावली की काय होतं, ते मी केलेलं आहे. मला तर ढालही मिळायची नव्हती, फक्त एक फेरी गाठायची होती. ढाल असती तर मी हेदवीत दहा मिनिटंसुद्धा थांबलो नसतो.

आणि सैनिकी म्हणजे काय, हेही बघू या. आपल्यापैकी बहुतेकांना एनडीएसाठी एसएसबीला जायचं आहे. तिथल्या सामूहिक अडथळा शर्यतीत, जिला आपण स्नेक रेस म्हणतो, गटातला शेवटचा माणूस आणि तो साप अडथळ्याच्या पलीकडे आल्याशिवाय गटाला पुढच्या अडथळ्याकडे जाता येत नाही. ऑलिंपिकमध्ये चार जणांची चार किलोमीटरची सांघिक सायकल शर्यत असते, तीत वेळ पहिल्याची नाही, तिसऱ्याची धरतात. म्हणजे निव्वळ वेगासाठी असलेल्या खेळातही एकटा पुढे पळणारा संघाच्या कामाचा नसतो. आपल्या इतिहासातही १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना पुढे गेलेल्यांची नावं आपल्याला फारशी माहीत नाहीत. खिंडीत मागे थांबलेले बाजीप्रभू प्रत्येकाला माहीत आहेत. पिछाडी ही दुबळ्यांची जागा आहे हा गैरसमज आहे. ती सगळ्यात भरवशाच्या माणसाची जागा आहे.

पालकांनाही एक विनंती. ही हकिगत वाचून काही जण म्हणतील, मग टूरच बंद करा. कृपया असं म्हणू नका. धोका समुद्राचा नव्हता, रस्त्याचा नव्हता. न मोजण्याचा होता. त्यावर उपाय टूर बंद करणं हा नाही, मोजणं हा आहे. प्रत्येक फाट्यावर एक कॅडेट शेवटची सायकल जाईपर्यंत उभा राहील, पिछाडीचा माणूस कोणत्याही कारणाने पुढे बोलावला जाणार नाही, आणि प्रत्येक जेट्टीवर तिकीट काढण्याआधी गिनती होईल, एवढं शाळेकडून लिहून घ्या. आणि मुलांना पाठवा. अनोळखी गावात आजींच्या हातचा भात खाल्लेला तो मुलगा आता घरी जाऊन आईला कोकणच्या गोष्टी सांगतो.

माझ्या मते ढाल नकोच. पण द्यायचीच असेल तर नियम असा करावा: हाऊसची वेळ शेवटच्या सायकलची वेळ, आणि ज्या हाऊसची एकही गिनती चुकली ते हाऊस बाद. मग बघा, कॅप्टन आपोआप मागे वळून बघायला लागतील.

येत्या टूरला मी नसेन, बारावीची परीक्षा आहे. यादी लागली ती मी नोटीस बोर्डावर वाचली. तो केरळचा कॅडेट, आता नववीत आहे, त्याने पुन्हा नाव दिलं आहे. त्याला आठवड्यातून दोनदा मी मराठी शिकवतो. वाट विचारायची वाक्यं झाली, जेवणाची झाली. परवा त्याने स्वतःहून एक वाक्य विचारलं: "थांबा, अजून एक जण यायचा आहे." ते त्याने वहीत लिहून घेतलं आणि दोनदा म्हणून दाखवलं.