व्हेनिस ‘उरकू’ नका

उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोप करून आलेल्या वाशीकराला व्हेनिस कसे वाटले म्हणून विचारा. उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘छान आहे, पण पाण्याला वास येतो हो!’ रोज खाडीपुलावरून ये-जा करणाऱ्या माणसाने हे म्हणावे, याची मला गंमत वाटते.

दोष त्याचा नाही. सहलीच्या कार्यक्रमात व्हेनिसच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. मुक्काम मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला. सकाळी बोटीने सेंट मार्क चौक, मग काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक, अर्धा तास गोंडोला, छोले-पुलाव आणि पुन्हा बस. व्हेनिस उरकले! माझे म्हणणे आगाऊपणाचे वाटेल, पण असेच जायचे असेल तर वाशीकराने तिथे जाऊच नये. कारण ते शहर त्याच्या नात्यातले आहे.

नाते चिखलाचे आणि भरती-ओहोटीचे. व्हेनिस उथळ खाऱ्या सरोवरातल्या चिखलात लाकडी खांब ठोकून उभे राहिले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या खाजणांत भराव घालून वाशी वसवली. जमीन सखल, म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव खोदले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला खाडीत जाते. ज्याला आपण ‘मिनी सीशोअर’ म्हणतो, तो असाच एक तलाव. व्हेनिसनेही सरोवराच्या तीन मुखांशी ७८ पोलादी दरवाजे बसवले. ते ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम भरतीविरुद्ध उभे राहिले. तत्त्व एकच : भरती दाराबाहेर ठेवायची.

म्हणून सांगतो, एक देश कमी करा, पण व्हेनिसच्या बेटावर दोन रात्री राहा. खर्च जास्त येईल. मात्र दिवसापुरत्या पाहुण्यांवर २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी बसवलेला प्रवेशकर मुक्कामी माणसाला नाही. भाड्याच्या सदनिकेपेक्षा लहानसे हॉटेल बरे. १९५१ च्या सुमारास या बेटांवर पावणेदोन लाख माणसे राहत. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. राहती घरे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, हे त्याचे एक कारण.

संध्याकाळी गर्दी ओसरली, की तिथल्या गल्ल्या पायी हिंडा. सकाळी रिआल्तोचा मासळीबाजार पाहा. बुरानो बेटावर ‘गो’ नावाच्या, चिखलात बिळे करणाऱ्या माशाचा भात मिळतो. हा आपल्या निवट्यांचा भाऊबंदच. निवट्यांचे कालवण जेवलेल्याला तो परका वाटणार नाही. शाकाहारी मंडळींनी ‘रिझी ए बिझी’ हा मऊ मटारभात मागवावा. मात्र त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे आधी विचारावे.

आणि पाहायची खरी गोष्ट चर्च किंवा राजवाडा नव्हे, पाण्याची काळजी. सरोवर गाळाने भरू नये म्हणून या लोकांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत नद्यांची मुखे वळवली. पाण्याच्या कारभारासाठी १५०१ मध्ये स्वतंत्र अधिकारी मंडळ नेमले. म्हणून ते कधी बुडाले नाहीत असे नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढले होते. पण पाण्याकडे पाठ फिरवून तिथे राहता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

आपण मात्र पाठ फिरवूनच बसलो आहोत. धारण तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आणि तलाव उपसावा की खारफुटी राखावी, असा वाद उभा राहिला. वेळच्या वेळी गाळ काढला असता तर तो उद्भवलाच नसता. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की या हलगर्जीची किंमत रस्त्यांवर दिसते.

व्हेनिसचे फोटो जरूर दाखवा. पण झडपा शेवटच्या कधी तपासल्या आणि तलाव किती खोल उरले, हेही एकदा महापालिकेला विचारा. ज्याने भरतीचे शहर डोळे उघडे ठेवून पाहिले, त्याला हा प्रश्न पडायलाच हवा.