जाळलेली ‘चामखीळ’ आणि न तपासलेला तुकडा

पालमसारख्या तालुक्यात साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या नाकाशेजारी काळसर, चकचकीत पुळी उठली, की घरचे तिला तीळ म्हणतात, शेजारी चामखीळ. दुखत नाही, त्यामुळे सुगी होईपर्यंत कोणी बघत नाही. खपली पडते, पुन्हा धरते. शेवटी कुठेतरी ती जाळून घेतली जाते आणि विषय मिटला असे सगळे धरून चालतात.

ही पुळी बेसल सेल कार्सिनोमा असू शकते. त्वचेच्या वरच्या थरातील तळाच्या पेशींचा हा कर्करोग गोऱ्या लोकांत फार आढळतो, आपल्याकडे कमी. पण पुस्तकातल्या चित्रात तो गुलाबी, मोत्यासारखा दिसतो. आपल्या त्वचेवर बहुधा काळा. फसगत होते ती इथेच.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. गाठीच्या प्रकारात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे गोल पुंजके दिसतात, कडेच्या पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या एका ओळीत उभ्या. अशी लहान, स्पष्ट कडेची गाठ साधारण ४ मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढली, की बहुतेकदा काम भागते. वरवर पसरणारा प्रकार लालसर चट्ट्यासारखा असतो आणि नायटा समजून त्यावर मलमे चोळली जातात. सर्वांत दगाबाज तो झिरपणारा प्रकार. वर जुन्या व्रणासारखा फिकट डाग, आत हरळीच्या मुळ्यांसारख्या पेशींच्या बारीक दोऱ्या. वरचे जाळले तरी मुळ्या राहतात. एकाच गाठीत दोन प्रकारही असतात.

हा कर्करोग दूरच्या अवयवांत क्वचितच जातो, म्हणून डॉक्टरही निर्धास्त राहतात. नाक, पापणी, प्रसंगी हाडही तो कुरतडतो, हे मात्र विसरले जाते. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी पापण्यांवरचा असा व्रण १८२७ मध्येच वर्णिला होता. महाराष्ट्रालाही तुकडा तपासण्याची परंपरा आहे. कमरेवरचा, वेगळ्या पेशींचा ‘धोतर कर्करोग’ मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये नोंदवला, तो विकृतिशास्त्राच्याच आधारे.

म्हणून काढलेली प्रत्येक संशयित ‘चामखीळ’ तपासणीला गेलीच पाहिजे. रुग्णाला नांदेड-परभणी गाठणे जमत नसेल, तर फॉर्मॅलिनच्या बाटलीतला तुकडा जाऊ शकतो. अहवालात नुसते ‘कर्करोग’ एवढेच नको. प्रकार कोणता आणि कडा मोकळ्या आहेत का, हे लिहिलेले हवे. नातेवाइकांनीही तेवढे दोन प्रश्न विचारूनच दवाखान्याची पायरी उतरावी.