युरोपचे वेसकर

शेजारधर्माची भाषा कुणी बोलू लागला की आपण आधी खिसा चाचपावा. २००४ साली युरोपियन युनियनने शेजारधोरण काढलं. मोरोक्को-ट्युनिशियापासून युक्रेन-मोल्दोव्हापर्यंत सोळा देश त्यात धरले. आपल्याभोवती मित्रांचं कडं हवं म्हणे! त्यांचा प्रोदी २००२ सालीच बोलून गेला होता : संस्था सोडून सगळं वाटून घेऊ. म्हणजे बाजार उघडा करा, पंक्तीत पाट मागू नका. मोरोक्कोने १९८७ साली सभासदत्व मागितलं, तेव्हा 'तुम्ही युरोपातले नाही' म्हणून वाटेला लावलं. युक्रेन-मोल्दोव्हाला उमेदवारी मिळाली ती जून २०२२ मध्ये, रशियाचे रणगाडे घुसल्यावर.

आणि अट काय? लोकशाही, मानवी हक्क. च्यायला, बेन अली २३ वर्षं ट्युनिशियाच्या छातीवर बसला होता, तुरुंग भरत होता, तेव्हा त्याच्याशी १९९५ साली करार कुणी केला? त्याला हाकललं ते २०११ साली ट्युनिशियाच्या लोकांनी, एका हातगाडीवाल्याने स्वतःला जाळून घेतल्यावर.

आता नीट ऐका, दोस्तांनो. फेब्रुवारी २०२३ : ट्युनिशियाचा अध्यक्ष कैस सईद बोलला की सहाराखालून येणारे काळे लोक म्हणजे देशाची वस्ती बदलायचा कट. झालं. काळ्या माणसांना घरातून ओढलं, मारलं, कामावरून काढलं. जुलैत शेकडो जणांना, बायापोरांसकट, लिबियाच्या सरहद्दीवर वाळवंटात नेऊन टाकलं. पाणी नाही, सावली नाही. आणि त्याच जुलैच्या १६ तारखेला युरोपचे पुढारी ट्युनिसला जाऊन सईदशी हात मिळवून आले! माणसं अडवायला १०.५ कोटी युरो कबूल केले.

वेसकर आपल्या बापजाद्यांनी केलीय. रात्रभर वेस राखायची, सकाळी शिळी भाकर, आणि गावच्या पाण्याला हात लावायचा नाही. लिबियाच्या तटरक्षकांना युरोपने २०१६ पासून शिकवलं ते हेच : होडी समुद्रात अडवा, माणसं परत न्या. परत कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकाने मार्च २०२३ मध्ये लिहून ठेवलंय, तिथल्या कोठड्यांत गुलामगिरीसुद्धा चालते. युरोपचे हात मात्र कोरडे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सईदने ताव खाऊन युरोपचे ६ कोटी युरो परत केले. आम्ही भीक घेत नाही म्हणाला. होड्या अडवणं चालूच राहिलं.